चार मिनिटांची सपाट रेघ

कोडेकबुवा हे नाव त्याला मेहुण्यानं ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला शोभतही होतं. कुणी नुसतं विचारावं, "व्हिडिओ कधी मिळेल?", की याचं प्रवचन सुरू. फाइल म्हणजे नुसता डबा असतो, आत माल कसा दाबून भरलाय त्याला कोडेक म्हणतात, डबा कितीही चांगला असला तरी दाबताना हात चुकला की आतल्या मालाचा चुरा होतो, वगैरे वगैरे. ऐकणारा मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, अरे बाबा, मी फक्त वार विचारला होता. बायको तर घरी येणाऱ्यांना दारातच बजावायची, "त्यांना कामाचं काही विचारू नका हं. चहा गार होतो."

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्याची एक खोली होती. दोन स्क्रीन, खिडकीवर काळं कापड, आणि पंधरा वर्षं बसून बसून त्याच्याच आकाराची झालेली एक खुर्ची. गिऱ्हाईक काहीही मागो, हा द्यायचा ते स्वतःला आवडेल तेच. सोफ्याच्या दुकानवाल्याला त्यानं दोन मिनिटांची जाहिरात दिली ती चक्क सोळा जीबीची. प्रोरेस! तेही सगळ्यात वरच्या दर्जाचं, सिनेमावाले एकमेकांना देतात तसलं. दुकानवाल्याच्या टीव्हीनं फाइल पाहिली आणि हात टेकले. मग त्या भल्या माणसानं काय करावं? कोडेकबुवांच्याच खोलीत येऊन, स्क्रीनवर चाललेली जाहिरात स्वतःच्या फोननं शूट केली. तिरकी. खाली कीबोर्ड, कोपऱ्यात कप, आणि मध्येच बुवांची एक सणसणीत शिंक. तीच त्यानं सगळीकडे पाठवली आणि लोकांना ती फार आवडली. "सोफ्याचा रंग काय सुरेख आलाय," असंसुद्धा एकानं लिहिलं.

हे त्याला इतकं झोंबलं की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. गाढवापुढे वाचली गीता, तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, गाढवांचं जाऊ द्या, त्यांनी टीव्ही कुठला आहे ते आधीच सांगितलं होतं. तो रुसला. कुणावर, ते नीटसं कळत नव्हतं, पण रुसला खरा. यापुढे मागतील तसं द्यायचं, त्यानं ठरवून टाकलं. लहान म्हणाले की लहान. कोंबून, पिळून, फोनवरून फोनवर उड्या मारेल अशी. लोकांना डोळेच नाहीत, मग मीच कशाला जीव आटवू?

नेमकं याच रुसव्याच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या ताई आल्या. त्यांची आई जाऊन आठ महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यांत एका सकाळी आईनं खिडकीजवळ बसून, समोर टॅबलेट उभा करून घेऊन, सगळ्यांसाठी काय काय बोलून ठेवलं होतं. तेवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, नऊ जीबी. ताईंना सुरुवातीच्या पलीकडे बघवलं नव्हतं.

"माझे तीन भाऊ तीन गावांना आहेत. त्यांच्या फोनवर जाईल एवढं लहान करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि बाबांसाठी पेन ड्राइव्हवर. त्यांना ऐकू येत नाही, कारखान्यात बॉयलरच्या आवाजानं कान गेले. आईचा चेहरा तरी बघतील. बोलणं मी त्यांना कागदावर उतरवून देईन."

"किती लहान?"

"अगदी लहान. पटकन जाईल असं."

एरवी यावर अर्धा तास प्रवचन झालं असतं. या वेळी बुवा गोड हसले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

काम त्यानं दुपारच्या चहाआधी उरकलं. आवाजाची रेघ बघितली. माणूस बोलतं तिथं ही रेघ वरखाली होते, गप्प असतं तिथं सपाट राहते. सपाट तिथं कात्री, हा त्याचा हातखंडा. शेवटची चार मिनिटं तर सरळ आडवी रेघ होती. म्हातारी दमून नुसती बसली असणार, आणि टॅबलेट बॅटरी संपेपर्यंत चालू राहिला असणार. उडवली. राहिली एकोणीस मिनिटं. ती पिळून पिळून साठ एमबीची केली. आता गंमत बघा, आईच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीत झाड. वाऱ्यानं हजार पानं हलत होती. कोडेक हा आंधळा वाढपी आहे. जे हलतं त्याला आधी वाढतो. साठ एमबीतलं निम्मंअधिक पानांनीच खाल्लं. तोंडाच्या वाटणीला उरलंसुरलं आलं. हे त्याला दिसलं बरं का! पंधरा वर्षांचे डोळे होते ते. त्यानं स्क्रीनकडे बघून, "घ्या, चाखा," असं म्हटलं आणि फाइल पाठवून दिली.

तिन्ही भावांचे निरोप आले. फार छान, फार रडू आलं, आई समोर बसल्यासारखी वाटली. बघा, म्हणाला तो. कुणालाही काहीही कळलेलं नाही. आणि या विजयानं त्याला जे काय वाईट वाटलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं, दुपारी तीनच्या सुमारास, जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. एका हातात पेन ड्राइव्ह, दुसऱ्या हातात घडी घातलेले कागद.

"मी औषधवालीचा बाप!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की खाली किल्लीवाल्याचं मशीन थांबलं. "ही फाइल खराब आहे!"

"अहो काका, बसा ना," कोडेकबुवा ओरडला.

"ओरडू नका. मला ऐकू येत नाही, तुमच्या घशाला उगाच त्रास. माझ्याकडे तोंड करून सावकाश बोला. मी ओठ वाचतो."

ओठ वाचतात! ताई हे बोलल्या नव्हत्या. आणि यानं तरी कधी विचारलं होतं?

"हिचं तोंडच दिसत नाही," काका म्हणाले. "झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं. आणि माझ्या बायकोच्या तोंडाच्या जागी नुसता भिजलेला कागद."

"दिसतंय की थोडंफार," तो पुटपुटला, आणि मग आठवून, काकांकडे वळून, नीट म्हणाला, "बाकी सगळ्यांना दिसलं, काका."

"तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून तुम्हाला दिसतं."

पंधरा वर्षं चित्राच्या दर्जावर प्रवचनं झोडणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात एका बॉयलरवाल्यानं सांगावं, ही त्याला हक्काची चपराक होती. त्यानं ती खाल्ली.

काका खुर्चीवर टेकले. त्यांनी कागद उलगडले. ताईंच्या टपोऱ्या अक्षरात एकोणीस मिनिटं उतरवलेली होती. थोरल्याला सांगितलंय सिगारेट सोड. मधल्याला सांगितलंय भावाशी बोल. धाकट्याला, पैसे उडवू नकोस. मुलीला, दुकान उघडायच्या आधी दोन घास खात जा. पेपरवाल्यालासुद्धा निरोप होता, की तुझी छत्री आमच्याकडे दाराच्या मागे आहे.

"मी चार वेळा वाचलं," काका म्हणाले. या खेपेला आवाज उतरला होता. "पेपरवाला आहे. मी नाही."

कोडेकबुवानं त्या कागदांवर पुन्हा एकदा नजर फिरवली.

"चूक माझीच आहे. दुखण्यात ती मला काहीतरी सांगायची. तिनं सुरुवात केली की मी डोळे मिटून घ्यायचो. आमचं भांडण असंच मिटायचं हो, जन्मभर. मी डोळे मिटले की तिनं बोलून उपयोग काय? ती मग माझ्या गुडघ्यावर चापट्या मारायची, उघडा म्हणून. शेवटी शेवटी तिनं चापट्या मारायचंही सोडलं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पण ती मला काही न सांगता जाणार नाही. मी तिला ओळखतो. लेकीनं लिहिताना काहीतरी गाळलं असेल, नाहीतर तिला ऐकू आलं नसेल. ते मला ओठांवर बघायचंय. चांगली फाइल द्या."

आता खरी पंचाईत होती ती ही. कोडेकबुवानं ती एकोणीस मिनिटं तीनदा ऐकली होती. ताईंनी एक अक्षर गाळलेलं नव्हतं. नऊ जीबीचं असो की नव्वद जीबीचं, काकांच्या नावाचं त्यात काही नव्हतं, आणि चांगली फाइल देणं म्हणजे ते त्यांना स्वच्छ, ठसठशीत, एकेक सुरकुतीसकट दाखवून देणं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, खराब फाइलच बरी होती. निदान तिच्या आडोशाला एक आशा तरी होती.

पण म्हातारा समोर बसलेला. मूळ रेकॉर्डिंग अजून मशीनवर होतं. त्यानं ते मोठ्या स्क्रीनवर लावलं.

आई दिसली. खरोखर दिसली. ओठांची कड, खालच्या ओठावरचा तीळ, बोलायच्या आधी जिभेनं ओठ ओले करायची लकब. काका पुढे सरकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बघता बघता मोठ्यानं वाचू लागले. "थोरल्या, ती सिगारेट... हां, बरोबर. मधल्याला... हं हं." कागदाशी शब्दन्‌शब्द जुळत होता. एका ठिकाणी ते हसले. "लेकीनं 'उडाणटप्पू' लिहिलंय. हिनं त्याच्यापेक्षा वाईट म्हटलंय. पोरीनं सांभाळून घेतलं."

दहा मिनिटं झाली. पंधरा. काकांचं वाचणं हळूहळू बारीक होत गेलं. पेपरवाल्याची छत्री आली आणि गेली. एकोणिसाव्या मिनिटाला आईनं स्क्रीनच्या बाहेर बघून म्हटलं, "झालं गं माझं. तू जा, दुकान उघड." दार लागल्याचा आवाज आला. पुढे आवाजाची रेघ सपाट.

संपलं, कोडेकबुवाच्या मनात आलं. त्याचा हात सवयीनं थांबवायच्या बटणाकडे गेला.

काकांनी त्याचं मनगट बॉयलर बंद करायला निघाल्यासारखं घट्ट पकडलं.

स्क्रीनवर आई परत वळली होती. तिनं खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं, थेट समोर बघितलं आणि बोलू लागली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, भुवया वर जात होत्या, एकदा तर बोट उगारून दम भरला. आवाज मात्र टिपूससुद्धा नाही. कोडेकबुवानं घाईघाईनं हेडफोन चढवले, आवाज पुरता मोठा केला. नुसती पानांची सळसळ.

"बिघडलंय का काही?" तो म्हणाला. पण काकांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, म्हणजे तो बोललाच नव्हता.

"नाही मिटत," काका स्क्रीनला म्हणाले. "हे बघ, उघडे आहेत."

आई बोलत राहिली.

"दिलं ते. दुसऱ्याच दिवशी दिलं... अगं, खातो की. पोरगी डबा आणते... हो. हो, तेव्हा माझंच चुकलं होतं. त्याला तीस वर्षं झाली, अजून लक्षात आहे तुझ्या?" ते हसले, मग हसू मोडलं. "असं नको म्हणूस. तू कशाला माफी मागतेस गं?"

कोडेकबुवाच्या कानांवर तो महागडा हेडफोन होता, पानन्‌पान ऐकू येत होतं, आणि त्या खोलीतलं बोलणं कळत नव्हतं ते एकट्या त्यालाच. फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसल्यासारखा तो बसून राहिला. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आईच्या एका बोलण्यावर काकांनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात वर केला असता तर क्षणभर डोळे झाकले गेले असते. त्यांनी ते वाहू दिलं.

मग स्क्रीन काळी झाली. बॅटरी तिथं संपली होती.

काकांनी बाहीनं गाल पुसले. मग काका त्याच्याकडे वळले.

"माझ्याशी बोलताना ती आवाज काढायचीच नाही," ते म्हणाले. "म्हणायची, कशाला वाया घालवू? शेजारीपाजारी समजायचे आमचा अबोला आहे." मग म्हणाले, "पण हे माझ्या फाइलीत का नव्हतं?"

आता पुटपुटून भागणार नव्हतं. बाकी कुणी असतं तर खाली मान घालून, तांत्रिक अडचण, सॉफ्टवेअर, असलं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणता आलं असतं. इथं मान खाली घातली तर कबुली पोचतच नव्हती. त्याला चेहरा उजेडात धरावा लागला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणावा लागला.

"मी कापलं, काका. आवाज नव्हता, म्हणून कापलं. चित्राकडे बघितलं नाही."

"बघितलं नाही?"

"नाही."

"व्हिडिओवाले ना तुम्ही?"

"हो."

काकांनी त्याच्याकडे बघून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आणि तोंड? तेही बघितलं नाही?"

"ते बघितलं होतं," कोडेकबुवा म्हणाला. हे सांगायची गरज नव्हती, कुणी पकडलं नसतं. पण सुटलं तोंडातून. "ते खराब होतंय हे दिसलं होतं मला. म्हटलं, कुणाला कळतंय. लोकांवर रागावलो होतो मी."

"कुठल्या लोकांवर?"

आता सोफेवाल्याची गोष्ट कुठल्या तोंडानं सांगणार? तिरकी जाहिरात, शिंक, सोळा जीबी! ऐकायला कुणी नसतानासुद्धा त्याला लाज वाटली. "जाऊ द्या," तो म्हणाला. "मी मूर्ख आहे."

"ते वाचलं मी," काका म्हणाले. "आता नीट करून द्या. फाइल लहानच करायची असेल तर आवाज काढून टाका खुशाल. तोंडाला हात लावू नका."

आणि मग कोडेकबुवानं तो प्रश्न विचारला, जो पंधरा वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला धड विचारला नव्हता. "तुम्ही बघता कशावर?"

काकांना टीव्हीची कंपनी आठवेना, साल आठवेना. "काळा आहे," ते म्हणाले. "चल बघायला. इथंच पलीकडे राहतो." अहोजाहो केव्हा सुटलं ते दोघांनाही कळलं नाही.

त्यानं तेवीसच्या तेवीस मिनिटांच्या तीन फाइली केल्या, आवाजासकट, कात्री न लावता, आणि लॅपटॉप काखोटीला मारून निघाला. काकांचं घर एक जिना वर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तो काळा टीव्ही, समोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर घडी केलेले कपडे होते. पहिली फाइल लावली, ती नव्या पद्धतीनं दाबलेली, बुवांची लाडकी. टीव्ही म्हणाला, हे मला झेपत नाही. दुसरी लावली, ती चालली, पण अडखळत, ओठ एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे. तिसरी म्हणजे साधी, कुठल्याही टीव्हीला चालणारी एच-२६४ची एमपीफोर, जिला तो आजवर 'सरसकट माल' म्हणून हिणवत आला होता. फक्त या वेळी तिला हात सैल सोडून जागा दिली होती, पानांनाही पुरून उरेल एवढी. ती लागली. आई आली. ओठावरचा तीळसुद्धा आला.

त्याला इतका आनंद झाला की त्यानं टाळी वाजवली. मग ओशाळून आजूबाजूला बघितलं. काकांना अर्थातच ती ऐकू आली नव्हती.

त्यांनी रिमोट घेतला होता. पुढे, पुढे, थोरला, मधला, छत्री, सगळे झपाझप मागे टाकून ते एकोणिसाव्या मिनिटाला पोचले आणि खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली की लहान पोराला कुणीही रागावलं असतं. आईनं पांघरूण सारखं केलं. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसून पुन्हा चढवला.

"हं," ते म्हणाले. "बोल."

कोडेकबुवा पाठीमागे उभा होता. निघायला हवं होतं. येतो म्हणावं, पुन्हा एकदा माफी मागावी, ताईंना मी स्वतः सांगतो म्हणावं, एवढं सगळं मनात होतं. पण काकांना काही सांगायचं तर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं, आणि त्यांच्यासमोरची जागा भरलेली होती. तिथं उभं राहणं म्हणजे तिच्या तोंडावर उभं राहणं, आणि तो उद्योग त्याचा एकदा करून झाला होता.

तो पाय न वाजवता दारापर्यंत गेला. हातात बूट घेतले, बाहेर आला आणि दार अगदी हळू, कडीचा आवाज होऊ न देता लावून घेतलं. काकांना तर ऐकू येत नव्हतं; मग कुणासाठी, ते त्याला जिना उतरल्यावर सुचलं. तो तिथंच पायरीवर बसला, मोजे नीट केले, आणि रडून घेतलं.